पाहुणं गेलेलं चित्र

घमापुर, जबलपूर
९ जानेवारी २०२४

ती. शरयूताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. मी विनीता, बापूसाहेब गर्द्यांची मुलगी. आपले वडील मावसभाऊ, म्हणजे तू माझी ताईच. पण तेहतीस वर्षांत आपण एकमेकींना ना हळदीकुंकवाला बोलावलं ना तेराव्याला, त्यामुळे 'तू' लिहू की 'तुम्ही' इथेच पेन अडलं. लहानपणी तू माझ्या वेण्या ओढून घालायचीस, ते आठवून 'तू' लिहिते आहे. नागपूरचा पत्ता मंडळाच्या जुन्या यादीत सापडला. फोन नंबरही मिळाला असता, पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही.

येत्या दसऱ्याला आपल्या 'ओसरी'ला चाळीस वर्षं होतील. मी शाळेतून रिटायर झाले आणि कमिटीने लगेच इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. म्हणून सध्या कपाटं उपसते आहे. बिडीपत्त्याच्या रिकाम्या गोदामाचं चित्रदालन करायचं हे वेड मूळ बापूंचं, पण चुन्याची बादली उचलायला तुझे अण्णाच होते. सरकारी फॅक्टरी सुटली की दोघं खमरियाहून सायकली मारत घमापुरला यायचे. तीन हात चुना दिला तरी पानांचा वास गेला नाही. अजूनही दमट दिवशी येतो, आणि बाहेरगावचे चित्रकार नाक वर करून विचारतात, हे काय आहे?

पहिल्या प्रदर्शनाला चौदा माणसं आली. त्यातली नऊ आपल्या घरचीच. देव नाहीत, देखावा नाही, नुसते रंग आणि रेघा, त्यामुळे लोकांनी चिवडा खाल्ला, पंखे चांगले आहेत म्हणाले आणि गेले. त्या संध्याकाळी अण्णा म्हणाले होते, "लोक चित्राकडे येऊन नाही राहिले ना? मग चित्र लोकांकडे जाईल." पाहुण्या चित्राची रीत तिथून सुरू झाली. प्रदर्शन संपलं की एकेक चित्र महिनाभर एकेका घरी पाहुणं जायचं. घरची माणसं जेवायला बसतात तिथे समोर टांगायचं. निघताना घरच्या बाईने चौकटीच्या मागे कुंकवाचं बोट लावायचं, आणि पाहुण्याच्या वहीत एक पान लिहायचं. ती वही माझ्यासमोर आहे. एकाने लिहिलं आहे, "पहिले आठ दिवस काहीच समजलं नाही. नंतर भांडण सुरू झालं की हे आडवं की उभं. आता गेलं तर भिंत चांगली नाही दिसून राहिली." चाळीस वर्षांत कुठल्याही समीक्षकाने आमच्याबद्दल इतकं चांगलं लिहिलेलं नाही.

आता अवघड भाग. वहीतलं शेवटचं भरलेलं पान जून १९९१चं. पुढच्या पानावर वर फक्त अण्णांचं नाव, १ जुलै ही तारीख, आणि चित्राचं नाव 'उतार'. खाली पान कोरं. ते माझ्या आईने काढलेलं शेवटचं चित्र. ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. अण्णा रिटायर झाले, नागपूरला गेले, चित्र परत आलं नाही, आणि पाहुणं पाठवायची रीत त्या दिवसापासून बंद झाली. बापूंच्या कागदांत अण्णांचं एक कार्ड आहे, सप्टेंबर १९९१चं: "चित्र सुरक्षित आहे. परत येईल. थोडा वेळ द्या." बापूंनी बारा वर्षं वाट पाहिली आणि गेले.

मला कोणावर बोट ठेवायचं नाही. पण इतिहासात हे पान कसं लिहू तेवढं सांग. आणि चित्र तुमच्याकडे असेल तर मला फक्त एकदा पाहायचं आहे.

तुझी,
विनीता

———

नागपूर
२२ जानेवारी २०२४

विनीताबाई यांस,

आपले पत्र मिळाले. 'बोट ठेवायचं नाही' असे लिहून आपण दोन पाने बोटच ठेवले आहे. टेलिफोन खात्यात तीस वर्षे तक्रारअर्ज वाचले, त्यामुळे अशी भाषा मला समजते.

चित्र आमच्याकडे नाही. कधीच नव्हते. नागपूरचे हे घर दोन खोल्यांचे आहे, त्यात अडीच फुटांची चौकट लपत नाही. आपण म्हणता त्या कार्डाबद्दल मला काही माहीत नाही.

अण्णा हयात आहेत का, हे आपण विचारलेही नाही. एक्क्याण्णव वर्षांचे आहेत. जबलपूर सोडल्यावर तिथल्या एकाही माणसाने त्यांना दिवाळीचे कार्ड पाठवले नाही. ज्या माणसाने फॅक्टरीच्या इन्स्पेक्शनमध्ये पस्तीस वर्षे काढली आणि ऑफिसची पेन्सिल कधी घरी आणली नाही, त्याच्याबद्दल आपल्या सभेत काय बोलले गेले ते आमच्या कानावर आले होते. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

आता त्यांना कालचे आठवत नाही. रोज सकाळी मला विचारतात, "शरू, क्वार्टरची चाबी देऊन दिली का?" मी म्हणते दिली. मग बोटांवर मोजतात: "पंखे तीन, होल्डर सहा, नळ दोन, तसवीर एक." पुन्हा विचारतात, चाबी दिली का? तेहतीस वर्षांपूर्वी सोडलेल्या सरकारी घराची काळजी करणारा हा माणूस. आपल्या इतिहासात त्यांना चोर लिहायचे असेल तर खुशाल लिहा, पण मग त्यांचे पूर्ण नाव घाला, म्हणजे मला काय करायचे ते करता येईल. नाहीतर ते पान गाळा. मधले काही चालणार नाही.

शरयू बोधनकर

———

घमापुर
२ फेब्रुवारी २०२४

ती. शरयूताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुझं बरोबर निघालं. अण्णांची चौकशी न करता चित्राची केली, याची मला लाज वाटते. खरं सांगू, ते आहेत हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारायला घाबरले.

आणखी एक सांगायलाच हवं. सभेत चित्राबद्दलचा तो ठराव बापूंनी वाचला नव्हता, मी वाचला होता. पंचवीस वर्षांची होते, नुकती सेक्रेटरी झाले होते. बापू म्हणाले होते, नाव नको, नुसतं 'एक चित्र परत आलेलं नाही' एवढं म्हण. मला आईचं चित्र गेल्याचा राग होता. मी अण्णांचं नाव घेतलं, दोनदा. घरी आल्यावर बापू माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत, पण सभेत उठून त्यांनी ते परतही घेतलं नाही. आम्ही दोघंही त्यात आहोत.

आता रागावू नकोस, पण तुझ्या पत्रातली एक ओळ मला झोपू देत नाही. तू ती अण्णांचं वय दाखवायला लिहिलीस. ताई, मीही क्वार्टरमध्येच वाढले. आम्ही सोडलं तेव्हाची यादी मला पाठ आहे, कारण एक होल्डर कमी निघाला म्हणून बापूंनी घर डोक्यावर घेतलं होतं. सरकारी यादीत पंखे असतात, होल्डर असतात, नळ असतात. तसवीर नसते. कधीच नसते.

अण्णांच्या यादीत ती कुठून आली? त्यांना विचारून पाहशील? आणि क्वार्टरचा नंबर तुला आठवतो का?

विनीता

———

नागपूर
१४ फेब्रुवारी २०२४

विनीता,

'बाई' गाळलं, कारण तू सभेचं लिहिलंस. न लिहिताही चाललं असतं तुला. मला कधी कळलं नसतं.

तुझी ओळ वाचून मी खुर्चीत बसले ती तासभर उठले नाही. इतकी वर्षं मी ती यादी ऐकते आहे, पंखे होल्डर नळ तसवीर, आणि मला वाटायचं तसवीर म्हणजे देवाची. अण्णांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चार्जमध्ये आहे. सही आहे." मग डाळीत मीठ कमी आहे म्हणाले.

मीही एक सांगते. मी चिडून लिहिलं की चित्र आमच्याकडे कधीच नव्हतं. ते लिहिण्याआधी मला तेवढी खात्री नव्हती. १९९२मध्ये अण्णा फिरायला गेले असताना मी त्यांच्या दोन्ही ट्रंका उघडून पाहिल्या होत्या. पलंगाखाली, माळ्यावर, सगळीकडे. बाहेर त्यांच्यासाठी भांडत होते आणि घरात त्यांचीच झडती घेत होते. त्यांनी परत येऊन ट्रंकेची कडी पाहिली असणार, कारण ती मी उलटी लावली होती. दुसऱ्या दिवशी ती सुलटी दिसली.

क्वार्टर टाइप टू, १४७. शाळेच्या मागची ओळ, दारात पेरूचं झाड होतं. चित्र तिथे जेवणाच्या खोलीत होतं हे मला आठवतं. आई आधीच गेलेली, घर आवरायला काढलेलं. रिटायर व्हायला महिना उरला तेव्हा स्वतः जाऊन मागून आणलं होतं त्यांनी. म्हणाले, सगळ्या भिंती रिकाम्या होऊन राहिल्या, इंदिरावहिनीचं एक तरी राहू दे समोर.

घराचा ताबा दिला तेव्हा अण्णा हजर नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. दवाखान्यातून सरळ स्टेशनवर नेलं. घर कोणीतरी दिलं. ते दिवस मला नीट आठवत नाहीत.

शरयू

———

घमापुर
११ मार्च २०२४

प्रिय शरयूताई,

आहे! चित्र आहे!

आता सुरुवातीपासून सांगते, नाहीतर शिक्षिकेची सवय मला गप्प बसू देणार नाही. काल रविवारी स्कूटर काढली आणि खमरियाला गेले. पेरू नाही, तिथे आता कुणाची तरी गाडी उभी असते. १४७मध्ये अनिमेष नावाचे एक इंजिनियर राहतात, बायको आणि म्हातारी आई. मी ओळख सांगितली, काय शोधते आहे ते सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "अच्छा, तसवीर? आइए ना दीदी, अंदर आइए."

जेवणाच्या खोलीत, टेबलासमोरच्या भिंतीवर, आईचं 'उतार'. वरचा राखाडी भाग थोडा पिवळा पडला आहे. खालचे मातकट पट्टे तसेच, नर्मदेच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर पूर ओसरल्यावर गाळाच्या रेघा राहतात ना, तसे. कोपऱ्यातला हळदीच्या बोटाएवढा ठिपका तसाच. मी घट्ट मनाची म्हणून शाळेत प्रसिद्ध होते. तिथे परक्यांच्या घरात भांडी घासायच्या मोरीजवळ उभी राहून रडले. अनिमेषच्या आईने पाणी दिलं.

"हमारे आने से पहले की है," अनिमेष म्हणाले. "लिस्ट में लिखी है, तसवीर एक. इसलिए कोई हटाता नहीं. जो आता है, गिन के लेता है, जो जाता है, गिन के देता है."

म्हणजे तेहतीस वर्षं पाच कुटुंबांनी पंखे मोजले, नळ मोजले आणि आईचं चित्र मोजलं. नेलं कुणी नाही, फेकलं कुणी नाही. मी त्यांना चित्र उतरवायला सांगितलं, मागची बाजू पाहायला. आपल्या वहीप्रमाणे तिथे कुंकवाची अकरा बोटं असायला हवीत. मी मोजली, सव्वीस निघाली. म्हातारी म्हणाली, "दिवाली की पुताई में उतारते हैं न बेटा. पीछे टीके लगे थे, तो हमने भी लगा दिया. हमसे पहले वालों ने भी यही किया होगा." कुणी सांगितलं नाही, कुणाला रीत माहीत नाही. आपण घमापुरात बसून ती बंद केली, आणि तिकडे १४७ नंबरमध्ये ती चालूच राहिली.

आज सकाळी फॅक्टरीच्या ऑफिसात जुनी यादी पाहू दिली. ३ ऑगस्ट १९९१. 'तसवीर, दीवाल पर, १' ही ओळ सगळ्यात खाली, वेगळ्या शाईने घातलेली. त्याआधीच्या यादीत ती नाही. खाली घर देणाऱ्याची सही आहे, पण कागद जुना, पुसट. नीट वाचता आली नाही.

अण्णांना सांग. आजच सांग.

तुझी,
विनू

———

नागपूर
२० मार्च २०२४

विनू,

सही वाचता आली नाही म्हणतेस. मी सांगते ती कुणाची आहे. माझी.

तुझं पत्र हातात घेऊन मी डोळे मिटले आणि सगळं समोर आलं. इतकी वर्षं कसं आलं नाही, देव जाणे. त्या वर्षी मे महिन्यात मी अपूर्वला घेऊन सासरहून निघून आले होते, ते तुला माहीत असेल. सगळ्या जबलपूरला माहीत होतं. अपूर्व दीड वर्षाचा, तापाने फणफणलेला, माझ्या कडेवर. ट्रक दारात उभा. यादीवाला बाबू खोल्याखोल्यांतून हिंडत होता. जेवणाच्या खोलीत चित्र पाहून त्याने विचारलं, "ये आपका है?"

मी म्हटलं, "नाही. हे आमचं नाही."

खरंच होतं ना ते? ओसरीचं होतं. अण्णांनी लहानपणापासून एकच शिकवलं, आपलं नाही ते उचलायचं नाही. माझ्या मनात होतं की ओसरीतून कोणी येऊन घेऊन जाईल, बापूकाकांना निरोप द्यायचा. बाबूने ओळ लिहिली, मी न वाचता सही केली, गाडीची वेळ झाली होती. आणि निरोप द्यायला विसरले. एवढंच झालं. एवढंच.

विनू, माझ्या एका विसरण्यापायी माझा बाप तेहतीस वर्षं चोर ठरला, आणि मी त्याच्या ट्रंका तपासल्या. तू नाव दोनदा घेतलंस म्हणून मी तुला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या. आता कुणाला देऊ?

अण्णांना अजून सांगितलेलं नाही. जीभ उचलत नाही. ते सकाळी विचारतात, चाबी दिली का, आणि मी दुसऱ्या खोलीत जाते. माझ्या हातून हे व्हायचं राहून ते गेले तर? आणि सांगितलं आणि त्यांना समजलं तर? दोन्हींची भीती वाटते.

तुझ्या पुस्तकात माझं नाव घाल. पूर्ण.

शरयू

———

घमापुर
२८ जून २०२४

प्रिय ताई,

हे पत्र अपूर्वच्या हाती देते आहे, आणि त्याच्याबरोबर चित्र. हो, चित्र. तीन महिने तुला नुसत्या चार ओळींची कार्डं पाठवली, कारण ऑफिसातून हो येईपर्यंत काही लिहायचं नव्हतं.

माणसं भली होती, पण पेच खरा होता. चित्र सरकारी नाही हे सगळ्यांना पटलं. वही दाखवली, कार्ड दाखवलं, आईचा फोटो दाखवला. पण यादीत तसवीर एक आहे, आणि उद्या कोणी मोजलं तर शून्य कशी दाखवायची? तिथल्या एका भैयांनीच शेवटी तोड काढली. "दीदी, लिस्ट में ये थोड़े ही लिखा है कि कौन सी तसवीर." मग आमच्या यशश्रीचं, ओसरीत सगळ्यात लहान चित्रकार ती, एक लाल चित्र मी १४७मध्ये त्याच खिळ्यावर टांगून आले. अनिमेषची आई म्हणाली, "ये थोड़ी तेज़ है, पर आदत हो जाएगी." यादी जशीच्या तशी आहे.

आता माझी कबुली. सही मला पहिल्या दिवशीच वाचता आली होती. तुझा 'श' मी कसा विसरेन, माझ्या पाटीवर तूच काढून द्यायचीस. पण वाटलं, हे तुला मी सांगू नये. तुला आठवलं तर तू सांगशील, नाही आठवलं तर तसंच राहू दे. एकदा एक नाव मोठ्याने वाचून मी पाहिलं आहे, काय होतं ते.

म्हणून पुस्तिकेत तुझं नाव नाही. त्या पानावर असं लिहिलं आहे: "१९९१मध्ये 'उतार' हे चित्र घर बदलताना क्वार्टरच्या यादीत चढलं आणि तेहतीस वर्षं पाच घरांनी ते सांभाळलं. या काळात ओसरीने श्री. बोधनकर यांच्यावर अन्याय केला. ठराव वाचणारी मी होते. पाहुण्या चित्राची कल्पना मूळ त्यांची." खाली माझी सही. कमिटीत थोडी कुरकुर झाली, म्हणाले इतिहासात अन्याय काहून लिहायचा, सण आहे. मी म्हटलं, मग इतिहास दुसऱ्याकडून लिहून घ्या. कोणी पुढे आलं नाही.

आणि रीत पुन्हा सुरू केली आहे. पहिलं पाहुणं 'उतार', १ जुलै ते ३१ जुलै, मुक्काम तुमच्याकडे. वहीही पाठवली आहे. खूण घातली आहे तिथे अण्णांच्या नावाचं कोरं पान आहे. लिहिता आलं तर बघ. नाहीतर नुसतं चित्र समोर टांग.

कार्डाचा अर्थ मात्र मला अजून लागलेला नाही. 'परत येईल, थोडा वेळ द्या.' म्हणजे त्यांना माहीत होतं का गं?

तुझी,
विनू

———

नागपूर
३१ जुलै २०२४

प्रिय विनू,

महिना आज संपला. चित्र उद्या अपूर्व घेऊन निघेल. मी मागे बोट लावलं, सत्ताविसावं. आपल्या हिशेबात ते बारावं, पण सव्वीसांच्या खालीच लावलं, त्या बायकांना मध्ये सोडून कसं चालेल?

टांगलं त्या दिवशी अण्णा जेवायला बसले, मान वर केली आणि म्हणाले, "वाकडं आहे. डावीकडे अर्धं सूत." अपूर्वने सरळ केलं. मग त्यांनी पूर्ण पोळी खाल्ली. आठ दिवस एवढंच. मी वाट पाहत होते की ओळखतील, विचारतील. माझा धीर होत नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, चाबी देऊन दिली का? मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. बाबू, ट्रक, 'आमचं नाही', सही, निरोप. ट्रंकाही सांगितल्या. विनू, ते ऐकत होते. डोळे अगदी स्वच्छ होते, पूर्वीसारखे.

म्हणाले, "माहीत आहे मला. पट्टी काढली तेव्हा कागद वाचला होता. चित्र परत मिळावं म्हणून ऑफिसला दोन अर्ज केले होते."

मी म्हटलं, "मग बापूकाकांना काहून नाही सांगितलं? मला काहून नाही सांगितलं?"

म्हणाले, "काय सांगू? शरूने दिलं म्हणून? तू तेव्हा घर सोडून आली होतीस. लोकांकडे तुझ्याबद्दल बोलायला आधीच पुष्कळ होतं. आणखी एक गोष्ट कशाला द्यायची?" मग म्हणाले, "माझ्याबद्दल काही नव्हतं. म्हटलं, माझं चालेल."

मी किती रडले ते लिहीत नाही. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून चित्राकडे पाहत बसले होते. संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळं विसरले. मला विचारलं, ही कोणाची तसवीर आहे, चांगली आहे. मी म्हटलं, इंदिराकाकूची. म्हणाले, "मग परत द्यायची असेल."

चाबीचं मात्र त्या दिवसापासून विचारलेलं नाही. एकदाही नाही.

आज सकाळी वही त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी आधी मागची पानं वाचली, ते आडवं-उभंचं भांडण वाचून हसले. मग पेन मागितलं. अर्धा तास लागला. दोन ओळी आहेत, अक्षर थरथरलेलं आहे पण वाचता येतं. लिहिलं आहे: "चित्र महिनाभर आमच्याकडे होतं, रोज जेवताना पाहिलं. आज परत केलं."

खाली सही आहे. तारीख त्यांनी ३१ जुलै १९९१ घातली आहे. मी खोडली नाही. तूही खोडू नकोस.

तुझी,
शरयूताई